पार्कवे: इतिहास, रचना आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा अभ्यास

विषय: वाहतूक अभियांत्रिकी. घटक: रस्त्याची भौमितिक रचना आणि रस्त्यालगतचा परिसर.

पूर्वज्ञान: डिझाइन वेग, सुपरएलिव्हेशन आणि थांबण्याचे दृष्टी-अंतर या संकल्पनांची प्राथमिक ओळख.

या पाठानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता याव्यात:
१. पार्कवे आणि साधा महामार्ग यांतील फरक सांगणे.
२. पार्कवेची कल्पना कशी घडत गेली हे टप्प्याटप्प्याने मांडणे.
३. डिझाइन वेग, वळणाची त्रिज्या आणि रस्त्याकडेची झाडे यांचा संबंध गणिताने दाखवणे.
४. मरीन ड्राइव्ह आणि मुंबईचा सागरी किनारा मार्ग यांची पार्कवेच्या कसोट्यांवर तुलना करणे.

१. पार्कवे म्हणजे काय?

पाठ्यपुस्तकात रस्त्यांचे वर्गीकरण बहुधा त्यांच्या कामावरून केलेले असते: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. पार्कवे या यादीत बसत नाही, कारण त्याची व्याख्या रस्त्यावरून होत नाही. ती होते रस्त्याभोवतीच्या जमिनीवरून. बागेसारखी राखलेली एक लांबलचक सार्वजनिक पट्टी आणि तिच्या आतून जाणारा वाहनमार्ग, असे पार्कवेचे साधे वर्णन करता येईल. पट्टी आधी आणि रस्ता नंतर, हा क्रम लक्षात ठेवावा.

साध्या रस्त्यालगतच्या प्रत्येक मालकाला आपल्या दारातून थेट रस्त्यावर येण्याची सोय हवी असते. त्यामुळे दुकान, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, गोदाम अशा प्रत्येकाचे एक तोंड रस्त्यावर उघडते. अशा प्रत्येक तोंडापाशी वाहन वळते, थांबते किंवा मागे येते. वाहतूक अभियांत्रिकीच्या भाषेत तिथे संघर्षबिंदू तयार होतो. पार्कवेत रस्ता आणि खासगी मालमत्ता यांच्यामध्ये सार्वजनिक हिरवी पट्टी असते, म्हणून अशी तोंडे उघडतच नाहीत. म्हणजे पार्कवेचे सौंदर्य आणि त्याची सुरक्षितता ही एकाच निर्णयाची दोन फळे आहेत. हा निर्णय जमीन ताब्यात घेताना होतो. डांबर टाकण्याची वेळ येते तेव्हा तो केव्हाच होऊन गेलेला असतो.

२. कल्पनेचा इतिहास

२.१ घोडागाडीचा काळ. अमेरिकेतील उद्यान-रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. शहराची आडवी वाहतूक उद्यानातून जाणार हे उघड होते. त्यांनी आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोलगट खणले आणि उद्यानातल्या वाटा त्यांच्यावरून पुलांनी नेल्या. आज आपण ज्याला ग्रेड सेपरेटर म्हणतो त्याचे हे फार जुने आणि फार शांत उदाहरण आहे. पुढे ब्रुकलिनसाठी याच दोघांनी उद्यानाकडे नेणाऱ्या रुंद, झाडांच्या रांगा असलेल्या रस्त्यांची योजना मांडली आणि त्यांना ‘पार्कवे’ हे नाव दिले. ईस्टर्न पार्कवे १८७० ते १८७४ या काळात बांधला गेला. तेव्हा मोटार नव्हती. घोडागाडीतून फेरफटका मारणे हाच त्या रस्त्याचा हेतू होता.

२.२ मोटारीचा काळ आणि काउंटी पार्कवे. मोटारींसाठीच्या पार्कवेची सुरुवात एका घाण नदीपासून झाली. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला वेस्टचेस्टर काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिथून वाहत येणारी ब्राँक्स नदी सांडपाणी आणि कचऱ्याने भरली होती. नदी स्वच्छ करून तिचे काठ वाचवण्यासाठी १९०७ साली ब्राँक्स पार्कवे आयोग स्थापन झाला. आयोगाने नदीकाठची जमीन सलग ताब्यात घेतली, जुनी बांधकामे आणि जाहिरात फलक हटवले, झाडे लावली आणि या पट्टीतून रस्ता नेला. मुख्य अभियंता जे डाउनर आणि उद्यान-रचनाकार हर्मन मर्केल यांनी एकत्र काम केले. १९२५ साली ब्राँक्स रिव्हर पार्कवे पूर्ण खुला झाला. त्याआधी, १९२२ मध्ये, काउंटीने आपला स्वतंत्र उद्यान आयोग नेमला होता. त्याच आयोगाने पुढे इतर नद्यांच्या काठाने आणखी पार्कवे काढले.

या रस्त्याचा वाहनमार्ग चाळीस फूट, म्हणजे सुमारे १२.२ मीटर रुंद होता. त्यात चार लेन बसवल्या होत्या, म्हणजे प्रत्येक लेन जेमतेम तीन मीटरची. आपण आज ३.५ मीटरची लेन धरतो. रस्ता नदीच्या वळणांबरोबर वळत जात असे. काही टप्प्यांत झाडे किंवा खडक वाचवण्यासाठी येणारा आणि जाणारा मार्ग वेगळे केले होते.

२.३ पुलांचे योगदान. आडवे रस्ते पार्कवेच्या वरून न्यायचे तर पूल उंच होतो आणि त्याचे भराव पट्टीला कापतात. यावर वेस्टचेस्टरमध्ये अभियंता आर्थर हेडन यांनी काँक्रीटचे दृढ-चौकट पूल विकसित केले. साध्या टेकलेल्या तुळईत सर्वाधिक वाकवणारा आघूर्ण मध्यावर येतो, म्हणून मध्याची जाडी वाढते. दृढ चौकटीत तुळई आणि खांब एकसंध असल्याने आघूर्णाचा मोठा वाटा कोपऱ्यांकडे जातो आणि मध्याची जाडी कमी ठेवता येते. मध्य पातळ म्हणजे वरचा रस्ता खाली आणता येतो, भराव लहान होतो आणि पट्टी सलग राहते. संरचनांच्या तासाला शिकलेली सांध्यांची दृढता इथे थेट निसर्गदृश्याच्या कामी येते.

२.४ डोंगरातील पार्कवे. ब्लू रिज पार्कवे हा व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांतला सुमारे ७५५ किलोमीटरचा रस्ता. १९३५ मध्ये काम सुरू झाले आणि शेवटचा दुवा १९८७ साली जोडला गेला. हा दुवा म्हणजे ग्रँडफादर माउंटनच्या नाजूक उतारावरचा लिन कोव्ह व्हायाडक्ट. डोंगर कापायचा नाही अशी अट होती. म्हणून पुलाचे १५३ पूर्वनिर्मित काँक्रीट खंड तयार झालेल्या भागावरून पुढे पुढे जोडत नेले. खाली बांधकामासाठी वेगळा रस्ता न काढता काम वरूनच पुढे सरकत गेले.

३. रचनेची तत्त्वे

अ) रुंद हद्द, अरुंद वाहनमार्ग. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हद्द ६० मीटर आणि वाहनमार्ग चार लेनचा, म्हणजे १४ मीटर. एक किलोमीटरमध्ये एकूण जमीन ६ हेक्टर, तर वाहनमार्गाखाली १.४ हेक्टर. सुमारे २३ टक्के जमीन वाहनांसाठी आणि ७७ टक्के झाडे, पाणी, पदपथ, सायकलमार्ग यांसाठी उरते. वाहनमार्ग आठ लेनचा केला तर त्याखाली २८ मीटर जातात. त्यावर दुभाजक आणि दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते आले की पट्टी जवळपास संपते. हद्दीचा आकडा तोच असतो, पण पार्कवे उरत नाही.

आ) प्रवेशावर नियंत्रण. जोडणी ठरावीक ठिकाणीच द्यायची. शक्य तिथे आडवी वाहतूक वरून किंवा खालून न्यायची.

इ) वाहतुकीची निवड. अमेरिकेतल्या बहुतेक पार्कवेंवर ट्रकला बंदी असते. जड वाहन नसले की उतार अधिक तीव्र ठेवता येतो आणि फरसबंदीची जाडी व पुलांची उंची कमी धरता येते. या निवडीची सामाजिक बाजूही आहे. लाँग आयलंडच्या पार्कवेंवरचे पूल इतके ठेंगणे होते की बस खालून जाऊ शकत नसे आणि बसनेच फिरू शकणारी माणसे त्या वाटेने समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचत नसत. हे मुद्दाम केले होते की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे, परिणामाबद्दल मात्र नाही. पुलाखालची मोकळी उंची ठरवताना आपण माणसांचीही निवड करत असतो.

ई) जमिनीशी जुळणारी आखणी. लांब सरळ रेषा आणि मध्येच एक तीव्र वळण, अशी रचना टाळावी. आडवे वळण आणि उभे वळण एकमेकांशी जुळवावे. चढाच्या माथ्यामागे लपलेले वळण चालकाला फसवते.

उ) लागवड. झाडांचे काम केवळ सावली देण्याचे नसते. वळणाच्या बाहेरच्या बाजूची दाट रांग ‘रस्ता इथे वळतो’ हे चालकाला फलकाआधीच सांगते. आतल्या बाजूला मात्र दृष्टी मोकळी हवी. ही मोकळीक किती, ते आता गणिताने पाहू.

४. वेग, वळण आणि झाड

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीनुसार:

किमान त्रिज्या = वेग² ÷ [१२७ × (सुपरएलिव्हेशन + बाजूचे घर्षण)]

थांबण्याचे दृष्टी-अंतर = ०.२७८ × वेग × प्रतिक्रिया-काळ + वेग² ÷ (२५४ × लांबीच्या दिशेचे घर्षण)

आतल्या बाजूचा सेटबॅक ≈ दृष्टी-अंतर² ÷ (८ × त्रिज्या)

वेग किलोमीटर प्रति तास, अंतरे मीटरमध्ये. सुपरएलिव्हेशन ०.०७, बाजूचे घर्षण ०.१५, प्रतिक्रिया-काळ २.५ सेकंद. लांबीच्या दिशेचे घर्षण ४० च्या वेगाला ०.३८, ६० ला ०.३६ आणि ८० ला ०.३५ घेतले आहे. सेटबॅक हा आतल्या लेनच्या मध्यरेषेपासून अडथळ्यापर्यंतचा. तिसरे सूत्र वळणाची लांबी दृष्टी-अंतरापेक्षा जास्त असताना लागू पडते.

वेग ४०: त्रिज्या सुमारे ५७ मीटर (६० घेऊ), दृष्टी-अंतर सुमारे ४५ मीटर, सेटबॅक सुमारे ४.२ मीटर.
वेग ६०: त्रिज्या सुमारे १२९ मीटर (१३० घेऊ), दृष्टी-अंतर सुमारे ८१ मीटर, सेटबॅक सुमारे ६.३ मीटर.
वेग ८०: त्रिज्या सुमारे २२९ मीटर (२३० घेऊ), दृष्टी-अंतर सुमारे १२८ मीटर, सेटबॅक सुमारे ८.९ मीटर.

वेग दुप्पट झाला की त्रिज्या चौपट होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. साठ मीटर त्रिज्येचे वळण नदीच्या काठाशी, एखाद्या जुन्या वडाच्या बाजूने सहज बसते. २३० मीटरचे वळण बसवायचे तर काठ सोडावा लागतो किंवा नदीच सरळ करावी लागते. त्याखेरीज आतल्या बाजूची मोकळी पट्टी चार मीटरवरून नऊ मीटरपर्यंत जाते. त्या पट्टीतली झाडे मग ‘अडथळा’ या नोंदीखाली येतात.

म्हणून रस्त्याकडेच्या झाडांचे भवितव्य तोडण्याच्या परवान्याच्या दिवशी ठरत नाही. ते ठरते प्रकल्पाच्या पहिल्या पानावर डिझाइन वेगाचा आकडा लिहिला जातो तेव्हा. हा आकडा बहुधा सवयीने, मागच्या प्रकल्पातून उचलून लिहिला जातो. तो लिहिणारा बहुधा एखादा तरुण अभियंता असतो. ब्राँक्स रिव्हर पार्कवेच्या दक्षिणेकडच्या काही भागांचे हेच झाले. मोटारींचा वेग वाढला, जुनी वळणे अपुरी ठरली आणि ते भाग सरळ व रुंद केले गेले. उत्तरेकडचा भाग मात्र बराचसा मूळ रूपात टिकला आहे. तिथला काही रस्ता ठरावीक रविवारी मोटारींना बंद करून सायकलस्वारांना दिला जातो.

५. मरीन ड्राइव्ह: आपल्याकडचे जवळचे उदाहरण

भारतात ‘पार्कवे’ हे नाव रस्त्यांच्या वर्गीकरणात रुळले नाही. कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा आणि सर्वांच्या ओळखीचा रस्ता म्हणजे मुंबईचा मरीन ड्राइव्ह. अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग, लांबी सुमारे ३.६ किलोमीटर. नरिमन पॉइंटपासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत तो बॅक बे उपसागराला कवेत घेतो.

याची जमीन समुद्रातून आली. १९२० च्या दशकात, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने, बॅक बे भरून काढण्याची योजना सुरू झाली. १,१४५ एकरांचे आठ खंड ठरले होते. खर्च फुगला, कामात दोष निघाले आणि लोक योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले. खुरशेद फ्रामजी नरिमन यांनी त्यातला गैरव्यवहार उघडपणे मांडला. त्यावरून त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. योजना थांबली तेव्हा चार खंड, सुमारे ४४० एकर, भरून झाले होते. या भरावाच्या कडेने मरीन ड्राइव्ह आखला गेला. १९३० आणि १९४० च्या दशकांत त्याच्या जमिनीकडच्या बाजूला आर्ट डेको शैलीतील इमारतींची रांग उभी राहिली. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात ही रांगही आहे.

आता कसोट्या लावू.

जमीन: वेस्टचेस्टरमध्ये सलग पट्टी मिळवण्यासाठी कित्येक मालकांकडून जमीन घ्यावी लागली. इथे जमीन नव्यानेच तयार झाली, म्हणून रस्ता आणि इमारतींची रेषा एकाच हाताने आखता आली.

प्रवेश: समुद्राच्या बाजूला एकही दार उघडत नाही. जमिनीच्या बाजूला मात्र आडवे रस्ते आणि सिग्नल आहेत. म्हणजे अर्धा पार्कवे, अर्धा नागरी रस्ता.

वळण: उपसागर वळणाच्या आतल्या बाजूला आहे. वरच्या गणितात आतल्या बाजूचा अडथळा दूर ठेवण्यासाठी आपण मीटर मोजत होतो. इथे तिथे समुद्रच आहे, त्यामुळे दृष्टी मोकळी राहते आणि इमारती बाहेरच्या बाजूला उभ्या राहून वळण दाखवतात. रात्री दिव्यांचा ‘राणीचा हार’ दिसतो तोही याच भूमितीमुळे. सरळ रस्त्यावर दिवे एकामागे एक झाकले जातात. अंतर्गोल वळणावर, विशेषतः मलबार हिलवरून पाहताना, प्रत्येक दिवा वेगळा दिसतो.

समुद्र: भिंतीबाहेरचे चार पायांचे काँक्रीट टेट्रापॉड एकमेकांत अडकून राहतात. लाट त्यांच्या फटींत शिरते, फुटते आणि तिची ऊर्जा भिंतीवर आदळण्याआधी विखुरते.

माणसे: सर्वांत मोलाचा भाग म्हणजे समुद्राकडेचा रुंद पदपथ आणि त्याचा कठडा. तिथे बसायला तिकीट लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही संध्याकाळी क्षितिज मिळते. मोटारीतून जाणाऱ्यांपेक्षा हा रस्ता बसणाऱ्यांचा जास्त आहे.

६. सागरी किनारा मार्ग: पुढचा प्रश्न

मरीन ड्राइव्हवरून, प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापाशी, मुंबईचा दक्षिण सागरी किनारा मार्ग सुरू होतो. तो वरळी येथे सागरी सेतूला मिळतो. लांबी १०.५८ किलोमीटर. मलबार हिलखालून सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ११ मार्च २०२४ रोजी झाले. वेगमर्यादा सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६०. दुचाकी आणि तीनचाकींना प्रवेश नाही, बेस्टच्या बस मात्र धावतात.

कसोट्या लावल्या तर प्रवेश-नियंत्रण पूर्ण आणि आडवी वाहतूक शून्य. या बाबतीत तो मरीन ड्राइव्हपेक्षा खरा पार्कवे ठरतो. पण किंमतही पाहावी लागते. भरावामुळे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीवसृष्टीला आणि वरळीच्या कोळी बांधवांच्या मासेमारीला बाधा येते, हा आक्षेप न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने किनारपट्टी नियमनाची परवानगी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. वरळीजवळ पुलाच्या खांबांमधले ६० मीटरचे अंतर होड्यांच्या ये-जासाठी अपुरे आहे, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. मोठ्या आंदोलनानंतर तिथला गाळा १२० मीटरचा करण्यात आला. गाळ्याची लांबी आपण एरवी खर्च आणि आघूर्ण यांवरून काढतो. इथे ती होडीवरून ठरली आणि तीही मच्छीमारांनी आग्रह धरल्यावर. पहिल्याच सर्वेक्षणात होड्यांची वाट मोजली असती तर हा बदल कागदावरच झाला असता.

रस्त्याबरोबर तयार होणाऱ्या मोकळ्या भरावावर निवासी किंवा व्यापारी बांधकाम करता येणार नाही, अशी न्यायालयाची अट आहे. हा मार्ग पुढे पार्कवे म्हणून ओळखला जाईल की केवळ वेगवान रस्ता म्हणून, ते त्या जमिनीवर किती सावली होते आणि तिथे पायी पोहोचणे किती सोपे राहते यावर अवलंबून आहे.

७. स्वाध्याय

१. आपल्या गावातून जाणाऱ्या महामार्गाचा एक किलोमीटर निवडा आणि त्यावर थेट उघडणारी दारे मोजा. भिलाईतील विद्यार्थ्यांनी पावर हाउस चौकापासून जीई रोडचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ चा, एक किलोमीटर घ्यावा. तेवढाच टाउनशिपमधल्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचा घ्यावा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. फरक कशामुळे आहे ते जमिनीच्या मालकीच्या अंगाने लिहा.

२. डिझाइन वेग ५० किलोमीटर प्रति तास आणि लांबीच्या दिशेचे घर्षण ०.३७ धरून किमान त्रिज्या, दृष्टी-अंतर आणि आतल्या बाजूचा सेटबॅक काढा.

३. एका वळणाची त्रिज्या ६० मीटर आहे. आतल्या लेनच्या मध्यरेषेपासून ३ मीटरवर एक जुना वड आहे. रस्त्याचा डिझाइन वेग ४० आहे. वड न तोडता दृष्टी-अंतराची अट पूर्ण करण्याचे दोन उपाय सुचवा. दोन्ही आकड्यांनी सिद्ध करा आणि प्रत्येक उपायात प्रवासाचा वेळ किती सेकंदांनी वाढतो तेही काढा.

४. ‘पार्कवेवर दुचाकींना बंदी असावी’ या विधानाच्या बाजूने एक आणि विरोधात एक परिच्छेद लिहा. आपल्या शहरातले किती टक्के लोक दुचाकी वापरतात हे आधी शोधा, मगच लिहायला बसा.